गहू आत्ता विकू की दिवाळीपर्यंत ठेवू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वैजापूर तालुक्यातले एक शेतकरी, तीन एकर गहू, उतारा ५४ क्विंटल. त्यातला ३४ क्विंटल लोकवन जातीचा, २० क्विंटल '४९६' ह्या जातीचा. व्यापारी खळ्यावर येऊन सगळ्याला सरसकट क्विंटलला २,४५० रुपये म्हणतो. शेजारी सांगतो, दिवाळीपर्यंत ठेव, तीन हजार कुठे गेले नाहीत. कृषी सेवा केंद्राची ४० हजार उधारी आहे, महिना दोन टक्क्यांनी. गावच्या सोसायटीच्या पीककर्जाचे ८० हजार ३० जूनपर्यंत भरायचे आहेत. आणि हमीभाव २,५८५ असताना व्यापारी त्याच्या खाली मागतोच कसा, हाही सवाल आहे.

मी आधी सतरा वर्षं भुसार आडतीवर दिवाणजी होतो, आता नऊ वर्षं एका शेतकरी उत्पादक कंपनीचं धान्य बघतो. माझं मत आधीच सांगतो: लोकवन दिवाळीपर्यंत ठेवू नका, आणि खळ्यावरही देऊ नका. ४९६ निम्मा विका, निम्मा ठेवायचा तर गोदामात तारण टाकून, म्हणजे त्यावर कर्ज उचलून, ठेवा. आता का ते.

हमीभावापासून सुरू करू, कारण त्यावरच सगळ्यात जास्त डोकं तापतं. २०२५-२६ च्या खरेदी हंगामाला २,४२५ होता, २०२६-२७ ला २,५८५ जाहीर झाला. पण जाहीर होणं वेगळं आणि त्या भावाने कुणीतरी काटा लावणं वेगळं. सरकारी गहू खरेदी मुख्यतः पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात होते. आपल्याकडे ती नावालाच. आपली एकरी सरासरी देशाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास, आपण पिकवतो त्याहून जास्त गहू आपण बाहेरून आणून खातो. त्यामुळे तुमच्या खळ्यावर हमीभावाला कुणी बांधील नाही. त्याचा उपयोग आपल्याला आडवळणाने होतो. २०२५ साली मध्य प्रदेशाने हमीभावावर १७५ रुपये बोनस दिला, तिथल्या शेतकऱ्याला सरकारी केंद्रावर २,६०० पडले. मग इंदूर-उज्जैनच्या व्यापाऱ्याला स्वस्त माल मिळेना, आणि सेंधव्यावरून धुळ्याकडे उतरणारा ट्रक महाग पडू लागला. आपल्या गिरणीला परवडणारा भाव तिथून ठरतो. म्हणून गव्हाच्या हंगामात मी आपल्या बाजार समितीचे दर नंतर बघतो, सकाळी पहिला फोन इंदूरला.

आता दिवाळीचा हिशोब. शेजाऱ्यांचं 'तीन हजार' ऐकायला छान आहे, पण गहू पोत्यात बसून फुकट थांबत नाही.

४९६ चा एक क्विंटल घ्या, आजचा भाव २,४५०. एप्रिल ते नोव्हेंबर सात महिने. हे पैसे आज हातात आले असते तर दोन टक्केवाली उधारी फिटली असती, म्हणजे महिन्याला ४९ रुपये वाचले असते. सात महिन्यांचे ३४३. काढणीला बारा टक्के ओलावा असलेला गहू मे महिन्याच्या झळांनी दहावर आला की क्विंटलमागे सव्वादोन किलो वजन हवेत जातं, ते धरा ६०. पावसाळ्यात थोडं वजन परत येतं म्हणतात. येतं, पण त्याच्यासोबत सोंडेही येतात. कीड-उंदीर मिळून एक किलो, २५. दोन बारदान ५०. उचल-ठेव, हमाली २०. बेरीज ४९८. म्हणजे दिवाळीला २,९५० मिळाले तर तुम्ही आजच्या २,४५० ला विकल्यासारखेच. तीन हजारांना नफा ५० रुपये.

डोक्यावर उधारी नसेल तर हाच हिशोब बदलतो. बँकेत सात टक्क्यांनी पडलेले पैसे धरले तर व्याज शंभरच्या आसपास, एकूण खर्च अडीचशे, आणि २,७०० च्या पुढे जे येईल ते तुमचं. तेव्हा 'गहू ठेवावा का' ह्याचं उत्तर गव्हात कमी आणि उधारीच्या वहीत जास्त असतं. शेजाऱ्याची वही कोरी असेल, तर त्याला ठेवू द्या.

बरं, तीन हजार येतातच का? कधी येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ज्यांनी ठेवला त्यांना २०२५ च्या जानेवारीत हसू आलं, दिल्लीला भाव तीन हजारांच्या वर होता. पण त्यामागे कारण होतं. १ एप्रिल २०२४ ला सरकारी गोदामात फक्त ७५ लाख टन गहू होता, सोळा वर्षांतला सगळ्यात कमी. पुढच्या वर्षी पीक विक्रमी आलं, सरकारने ३०० लाख टन उचलला, गोदामं भरली, आणि ती उसळी पुन्हा दिसली नाही. त्या वर्षी ठेवणाऱ्यांनी व्याज भरलं.

गव्हाच्या भावात सरकारचा हात सतत असतो, हे कांदा पिकवणाऱ्या आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. भाव वर निघाला की साठा मर्यादा येते. १२ जून २०२३ ला ती पंधरा वर्षांनी पहिल्यांदा लागली, व्यापाऱ्याला ३,००० टन. मग सप्टेंबरात २,००० झाली, डिसेंबरात १,०००. मर्यादा शेतकऱ्याला नाही हे खरं, पण घेणाऱ्याचंच गोदाम बांधलं की तो तुमच्या दारात कशाला येईल? त्याआधी २५ जानेवारी २०२३ ला केंद्राने ३० लाख टन गहू खुल्या बाजारात विकायचं जाहीर केलं आणि आठवड्याभरात भाव दहा टक्क्यांच्या आसपास उतरला. संक्रांतीला तीन हजारांवर असलेला गहू शिवरात्रीला विचारत नव्हतं कुणी. वायदे बाजार बघून अंदाज बांधावा म्हणाल तर गव्हाचे वायदे डिसेंबर २०२१ मध्येच बंद केले, आणि त्या बंदीला पुढे मुदतवाढच मिळत गेली.

मी स्वतः ह्यात पोळलोय. २०२२ च्या एप्रिलमध्ये युक्रेनच्या लढाईमुळे निर्यातदार धावत गहू घेत होते. एका दलालामार्फत आमच्या कंपनीचे दोन ट्रक कांडला बंदरावर जायचे ठरले. तोंडी. भाव इतका चांगला होता की मी सभासदांना सांगितलं, आठ दिवस थांबा, अजून वाढेल. १३ मे, शुक्रवार, रात्री निर्यातबंदी आली. शनिवारी सकाळी दलालाचा फोन लागत होता, सोमवारी लागेना. कांडल्याबाहेर ट्रकांच्या रांगा लागल्याच्या बातम्या टीव्हीवर, आणि आमचे २४ टन शेडमध्ये. गिरणीला दिले तेव्हा क्विंटलमागे दीडशे कमी. गंमत बघा, आमच्यातलाच एक सभासद मुलीच्या लग्नाच्या गडबडीत माल आणायलाच विसरला होता. त्याचा गहू घरीच राहिला आणि जानेवारीत त्याने तो सगळ्यात चढ्या भावाने विकला. तेव्हापासून मी भावाचं भविष्य सांगणं सोडलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तुमच्याकडे 'गहू' नाही, तुमच्याकडे दोन वेगळे माल आहेत आणि व्यापारी त्यांना एका पोत्यात घालतोय.

४९६ हा त्याच्यासाठी गिरणीचा माल. त्याचा आटा, मैदा होणार. त्याला मध्य प्रदेशातून येणाऱ्या हजारो टनांशी टक्कर द्यायची आहे, तिथे तुमचं काही चालत नाही. लोकवनचं तसं नाही. लोकवन, २१८९, बन्सी, शरबती ह्या नावांना आपल्याकडे घरात किंमत आहे. आणि हे घरातलं गिऱ्हाईक येतं कधी? एप्रिल-मे. पुणे, नाशिक, संभाजीनगर इथल्या हजारो घरांत अजून वर्षाचं धान्य उन्हाळ्यात भरतात. ऊन खणखणीत असतं, गच्चीवर वाळवता येतं, एरंडेल चोळून कोठीत गेला की वर्षाची काळजी मिटली. अक्षय्य तृतीयेच्या मागेपुढे हे गिऱ्हाईक पिशवी घेऊन तयार असतं. पावसाळा लागला की ते संपतं, मग महिन्याला पाच-दहा किलो आटा घेणारेच उरतात. म्हणजे पंजाबात गहू ठेवणाऱ्याचं गणित वेगळं. आपल्याकडे चांगल्या गव्हाचा सगळ्यात चांगला भाव काढणीच्या वेळीच आहे. लोकवन दिवाळीपर्यंत ठेवलात तर त्याचा खरा घेणारा निघून गेलेला असेल आणि तो गिरणीच्या रांगेत ४९६ च्या मागे उभा राहील.

३४ पैकी घरचा आणि सालगड्याचा चार क्विंटल बाजूला काढा. उरला ३०. हा चाळून घ्या. यंत्रावर चाळणी आणि ग्रेडिंग क्विंटलला साठ रुपयांत होतं, काही ठिकाणी कमी. शंभर किलोतून चौऱ्याण्णव किलो एकसारखा दाणा निघतो. काडी, माती, फुटका, बारीक असं सहा किलो मागे राहतं, त्यातलं चारेक किलो मातेरं कोंबड्यांना-गुरांना विकलं जातं. चाळताना हात आखडू नका. शहरातली बाई परात भरून गहू निवडायला बसली आणि पहिल्याच मुठीत खडा निघाला की पुढच्या वर्षी तुमचा फोन उचलणार नाही.

कट्टा ३० किलोचा करा. ह्याला दोन कारणं. चौथ्या मजल्यावर उचलून नेता येतो, हे एक. दुसरं म्हणजे जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील पॅकिंगच्या धान्यावर पाच टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर नाही. तुम्ही शेतकरी म्हणून स्वतःचा माल विकता तेव्हा तुमचा त्याच्याशी तसा संबंध येत नाही, पण उद्या गटातून किंवा कंपनीतून विकायला लागाल तेव्हा ही सवय कामी येईल.

भाव ३४ रुपये किलो ठेवला असं धरू. नाशकात किराणा दुकानात चांगला लोकवन त्याहून महाग असतो, त्यामुळे गिऱ्हाइकालाही परवडतो. चौऱ्याण्णव किलोचे ३,१९६. त्यातून चाळणी ६०, कट्टे ७०, टेम्पो १५०, फोन-सुट्टे-तूटफूट ५० वजा. राहिले २,८६६, मातेऱ्याचे सत्तरेक रुपये मिळवा. क्विंटलला २,९३० च्या घरात. दिवाळीला शेजारी जे स्वप्न बघतोय ते तुम्हाला मे महिन्यात, बिनव्याजी.

'पण विकणार कुणाला' हा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय. गिऱ्हाइकं किती लागतात ते मोजा ना. आताशा शहरी घर वर्षाला सव्वा क्विंटल भरतं. तुमचा चाळलेला माल २८ क्विंटल. म्हणजे बावीस-तेवीस घरं. बाजारपेठ कशाला शोधायची, तुमची बहीण ज्या सोसायटीत राहते तिथल्या दोन जिन्यांत संपेल.

फक्त थेट कट्टे घेऊन जाऊ नका. आधी नमुना. मी किलोच्या वीस पिशव्या भरून नेतो, प्रत्येकीवर जात आणि गावाचं नाव, आणि देताना एवढंच म्हणतो: ताई, सकाळी पोळ्या करा, त्यातली एक संध्याकाळी खा, मग सांगा. गेल्या उन्हाळ्यात नाशिकच्या एका सोसायटीत एक आजी खाली आल्या. पिशवी उघडली, दाणे तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळले, दोन दाणे दाढेखाली टाकले. कटकन आवाज आला तशी मान हलवली. मग तेच दाणे बराच वेळ चघळत उभ्या राहिल्या. आम्ही लहानपणी गव्हाचं च्युइंगम करायचो तसं. तोंडातला चिकट गोळा बोटांनी ताणून बघितला आणि म्हणाल्या, "पोळी फुगेल. पण रंग जरा फिका वाटतो, पाऊस लागला का रे ह्याला?" लागला होता. मार्चच्या अवकाळीत दोन सरी पडल्या होत्या. मी खरं सांगितलं, किलोला दीड रुपया कमी केला, आणि त्यांनी तीन जिन्यांत निरोप फिरवला. तुमच्याही गव्हाला सर लागली असेल तर सांगून मोकळे व्हा, आजी ओळखतातच.

उधारी मात्र नाही. कट्टा टेम्पोतून उतरला की पैसे. बाजार समितीत निदान चोवीस तासांत चुकारा द्यायचा नियम आहे, इथे तुमच्यामागे कुणी नाही.

एवढा खटाटोप जमणार नसेल, घरात माणूस नसेल, तर लोकवन खळ्यावर देण्याऐवजी बाजार समितीत लिलावाला न्या. पण तिथेही ४९६ पासून वेगळी रास लावा, आणि आधी आजूबाजूच्या दोन समित्यांचे दर बघा. पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, हातात आली की वाचा. हमाली, तोलाई ठरलेल्या दराने आहे का. कडत्याच्या, म्हणजे वजनातल्या घटीच्या, नावाने किलो कापला तर सचिवाकडे जा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर कडता कसला? एका समितीत मला आठ वर्षांपूर्वी 'चाळणी खर्च' म्हणून क्विंटलला तीस रुपये लावले होते आणि चाळणी तर आवारात दिसलीच नाही. भांडलो तेव्हा परत मिळाले. भांडलो नसतो तर नसते मिळाले.

आता ४९६ चे वीस क्विंटल. दहा आत्ता विका, येतील २४,५००. राहिलेले दहा ठेवायचेच असतील तर घरात ठेवू नका. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, बाजारभाव किंवा हमीभाव ह्यातला जो कमी असेल त्याच्या ठराविक टक्के रक्कम मिळते, १८० दिवसांसाठी सहा टक्के व्याजाने. गव्हाला किती टक्के ते समितीत विचारून घ्या. ७५ टक्के धरले तर तुमच्या दहा क्विंटलवर १८,३७५ मिळतील आणि सहा महिन्यांचं व्याज साडेपाचशेच्या आसपास होईल. दोन टक्के महिन्याची उधारी आणि सहा टक्के वर्षाचं तारण, फरक तुम्हीच बघा. सगळ्या समित्या ही योजना सारख्या उत्साहाने चालवत नाहीत, तेव्हा आधी विचारून या, आणि सातबारा, आधार, पासबुक घेऊनच जा म्हणजे दोन फेऱ्या वाचतील. तुमच्या समितीत नसेल तर वखार महामंडळाची पावती घेऊन बँकेत जाता येतं.

घरात न ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडे लोक सर्रास कीड मारायच्या सेल्फॉसच्या गोळ्या फडक्यात गुंडाळून पोत्यात टाकतात आणि त्याच खोलीत झोपतात. त्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, आणि त्याच्यावर उतारा नाही. त्या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच, परवानाधारक माणसाचं काम आहे ते. घरचा चार क्विंटल आहे त्याला कडक ऊन, कोरडी पत्र्याची कोठी किंवा हवाबंद पिशवी पुरते.

सगळं एकत्र मांडलं तर लोकवनचे साधारण ८८ हजार, दहा क्विंटल ४९६ चे साडेचोवीस, तारणाचे ७५ टक्के मिळाले तर सव्वाअठरा. एक लाख तीस हजारांच्या वर. आधी उधारीचे ४० हजार टाका, ते सगळ्यात महाग पैसे आहेत. मग सोसायटीचे ८० हजार, ३० जूनच्या आत. एक दिवस पुढे गेला तरी पंजाबराव देशमुख योजनेची व्याज सवलत गेली. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरणाऱ्याला जे शून्य टक्के पडतं ते तुम्हाला पडणार नाही. गहू दोनशेने वाढेल म्हणून ही तारीख चुकवणारे लोक मी दर वर्षी बघतो. जे उरतील, ते कपाशीच्या बियाण्याला.

तारणातल्या दहा क्विंटलसाठी जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोन आकडे बघा. सरकारने हंगामात किती गहू उचलला, आणि १ जुलैला गोदामात किती आहे. त्या तारखेला २७६ लाख टनांच्या आसपास साठा असावा असा नियम आहे. त्याहून बराच जास्त असेल तर पोळ्याच्या आधी विकून टाका, सरकार तो माल थंडीत बाजारात आणणार. काठावर किंवा कमी असेल तर १८० दिवस पुरे होईपर्यंत थांबा. आणि लोकवनचं आजच सुरू करा. अक्षय्य तृतीया जवळ आलीय, चाळणीवाल्याकडे ह्या दिवसांत आठ-आठ दिवस नंबर लागत नाही.